सुटं फर्निचर घरी जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोक्यात सुटं येणारं फर्निचर मी बरीच वर्षं जोडते आहे. आधी स्वतःचं, मग बहिणीचं, मग सोसायटीतल्या निम्म्या घरांचं. त्यातून फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्म्या उत्तरांत ती येणार आहे: या फर्निचरचा जीव त्याच्या भोकांत असतो. सागवानात स्क्रू चुकला तर शेजारी दुसरं भोक पाडता येतं. भुश्याच्या बोर्डात एकदा भोक सैल झालं की ते आपोआप कधीच घट्ट होत नाही.

१. फ्लॅट-पॅक म्हणजे नेमकं काय? रेडिमेड फर्निचरपेक्षा वेगळं कसं?

कारखान्यात फळ्या कापून, कडा लावून, सगळी भोकं पाडून चपट्या खोक्यात भरतात. शेवटची जोडणी तुमच्या घरी होते. वाहतुकीला जागा कमी लागते आणि अरुंद जिन्यातून खोकी वर नेता येतात. ही पद्धत जगभर पोचवली ती स्वीडनच्या आयकियाने. त्यांचे डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांनी १९५६ च्या सुमारास गाडीत टेबल मावेना म्हणून त्याचे पाय काढले, तिथून कंपनीने हा मार्ग धरला. आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं, दुसरं डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. पण खालचं सगळं ऑनलाइन मागवलेल्या कुठल्याही कपाटाला, टेबलाला, शू रॅकला लागू आहे. जोडण्या त्याच असतात.

२. माझ्या खोक्यातली फळी कशाची आहे, हे कसं ओळखू?

फळीच्या भोकात टॉर्च मारून बघा. जाडसर लाकडी कण दाबून बसवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. कापलेल्या पुठ्ठ्यासारखं एकसारखं, मऊ, तपकिरी दिसलं तर एमडीएफ. तसंच पण जास्त घट्ट, वजनदार आणि बरेचदा हिरवट दिसलं तर एचडीएचएमआर असण्याची शक्यता जास्त. तो ओलावा जास्त सोसतो. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड. आणि फळी चांगली दोन इंच जाड असूनही एका हाताने उचलली, तर आत कागदाचं पोळं आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. अशी फळी वजन ठीक पेलते, पण तिच्यात मधोमध स्क्रू मारला तर तो नुसता हवेत फिरतो. फळीत काही बदल करायचा असेल तर हे ओळखणं सगळ्यात आधी, प्रश्न १५ आणि १६ पाहा.

३. हत्यारं कोणती लागतात? खोक्यातली एलन की, म्हणजे ती षटकोनी वाकडी किल्ली, पुरते का?

एका छोट्या टेबलाला पुरते. कपाटाला हाताचे हाल होतात. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडी, मेजरिंग टेप, गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) आणि छोटी स्पिरिट लेव्हल एवढं घ्या.

स्क्रू ड्रायव्हर निवडताना एक बारकावा आहे. या फर्निचरच्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हाबरोबर मधे बारीक तिरप्या रेघाही असतात. त्यांना पोझीड्राइव्ह म्हणतात आणि त्यांना पीझेड-२ टोक लागतं. आपल्याकडे घरोघरी असतं ते साधं फिलिप्स, पीएच-२. ते बसल्यासारखं वाटतं, पण जोर आला की उसळतं आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. "स्क्रूच खराब आले" म्हणून जे फोटो मला येतात, त्यात बहुतेक वेळा टोकच चुकीचं असतं.

ड्रिल मशीनने स्क्रू फिरवायचेच असतील तर क्लच, म्हणजे मशीनचा जोर ठरवणारी आकड्यांची कडी, सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा आणि शेवटचे दोन फेरे हातानेच द्या. भोकं वाचतात ती इथेच.

४. खोकं आलं. सुरुवात कुठून करू?

खोक्याचा पुठ्ठा फाडून जमिनीवर अंथरा. फळ्या त्यावर ठेवा, लादीवर नको, कोपरे टवकतात. मग सगळे खिळे-स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत काढून जोडणीच्या चिठ्ठीतल्या संख्येशी जुळवा. मी फराळाचं ताट घेते, मुलांनाही मोजायला मजा येते. ४० आणि ५० मिलिमीटरचे स्क्रू शेजारी ठेवून बघा. जिथे ४० चा हवा तिथे ५० चा गेला तर टोक फळीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येतं.

दुसरं, प्रत्येक फळीची चांगली कड आणि कच्ची कड बघा. पट्टी लावलेली कड पुढे दिसायला हवी. चिठ्ठीतल्या चित्रांत हा फरक एका बारीक रेघेने किंवा रंगाने दाखवतात आणि तो सगळ्यात जास्त वेळा सुटतो. सगळं जोडून झाल्यावर एक कच्ची कड पुढे दिसली की अर्धं कपाट उलगडावं लागतं.

५. कॅम लॉक फिरवते, पण जोड घट्टच होत नाही. कॅम खराब आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका फळीत लांब दांड्याचा बोल्ट बसतो. दुसऱ्या फळीत गोल बटणासारखा कॅम बसतो, साधारण १५ मिलिमीटर व्यासाचा. बोल्टचं डोकं कॅमच्या पोकळीत शिरतं आणि कॅम फिरवला की तो डोकं आत ओढून घेतो. कॅम थोडंसंच ओढू शकतो, एखाददोन मिलिमीटर. मोठी फट बुजवायची ताकद त्याच्यात नाही. म्हणून दोन्ही फळ्या आधी हाताने पूर्ण भिडवायच्या आणि मगच कॅम फिरवायचा.

आता चुका. पहिली: बोल्ट जास्त आत गेला. बोल्टला एक कॉलर असते, ती फळीला टेकली की थांबायचं. दोन फेरे जास्त दिले तर डोकं कॅमपर्यंत पोचत नाही, शिवाय भोकाचे आटे जातात. दुसरी: बोल्ट कमी गेला. मग फळ्या भिडतच नाहीत. तिसरी: कॅमचं तोंड चुकीच्या दिशेला. कॅमवर छोटा बाण किंवा उघडी खाच असते. ती फळीच्या कडेकडे हवी, म्हणजे जिथून बोल्ट आत येणार त्या बाजूला. चौथी: कॅम भोकात पूर्ण बसलेला नाही, थोडा वर राहिलाय.

सगळं बरोबर असेल तर घड्याळाच्या दिशेने साधारण अर्ध्या फेऱ्यात कॅम अडतो. ते अडणं बोटांना स्पष्ट कळतं. कॅम गोल गोल फिरतच राहिला तर त्याने डोकं पकडलेलं नाही. जोर वाढवू नका. कॅम उलटा फिरवून मोकळा करा, फळी बाजूला घ्या आणि वरच्या चार गोष्टी तपासा. क्वचित एखादा कॅम खरोखर खराब निघतो, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा.

६. लाकडी खुंट्यांना फेविकॉल लावू का? चिठ्ठीत तसं लिहिलेलं नाही.

फर्निचर पुन्हा कधीच खोलायचं नसेल तर लावा. खुंटीला, म्हणजे डॉवेलला, पांढऱ्या फेविकॉलचा पातळ थर लावला की जोड खूपच भक्कम होतो. स्वयंपाकघराजवळ किंवा ओलसर भिंतीपाशी ठेवणार असाल तर पाणी सोसणारा फेविकॉल मरीन घ्या. पण भाड्याच्या घरात राहत असाल, तीन वर्षांनी टेम्पोत घालायचं असेल, तर अजिबात नको. चिकटवलेला जोड सुटत नाही, बोर्ड फाटतो. खणांच्या तळाशी आणि पाठीच्या खाचेत मात्र मी थोडा लावतेच, तिथे खोलायची वेळ क्वचित येते.

७. कपाट जोडलं, पण दारं जुळत नाहीत. एक वर, एक खाली. बिजागरी फिरवून होईल का?

बिजागरीला हात लावण्याआधी कपाट गुण्यात आहे का ते बघा. सुतार हा शब्द रोज वापरतात आणि इथे तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. टेपने दोन्ही कर्ण मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि वरचा उजवा ते खालचा डावा. दोन्ही मापं सारखी आली तर कपाट काटकोनात आहे. पाच मिलिमीटरचा फरक असला तरी दारांच्या फटीत तो डोळ्यांना दिसतो.

डोंबिवलीला मावशीकडे एकदा असंच झालं. तीन दारांचं कपाट होतं, मधलं दार वरच्या बाजूला घासत होतं. भाऊ तासभर बिजागऱ्यांशी झगडत होता. कर्ण मोजले तर नऊ मिलिमीटरचा फरक. पाठीचा पातळ बोर्ड कपाट तिरकं असतानाच ठोकला गेला होता. चौकट सरळ धरून ठेवायचं काम ती पाठच करते, म्हणून ती तिरकी बसली की कपाट तिरकंच राहतं. आम्ही खिळे काढले, कपाट कोपऱ्यातून ढकलून कर्ण जुळवले आणि पाठ पुन्हा ठोकली. दारं आपोआप सरळ झाली. तेव्हापासून पाठीचा पहिला खिळा मारण्याआधी मी दोनदा मोजते.

कर्ण जुळत असतील तर पुढचा संशय जमिनीवर. लाद्यांत उंचसखलपणा असतोच. लेव्हल ठेवून बघा आणि उतरत्या बाजूला लॅमिनेटचा तुकडा सरकवा. पुठ्ठा ठेवू नका, तो दबतो.

एवढं झाल्यावर बिजागरी. लपलेल्या बिजागरीत तीन तऱ्हेची हालचाल असते. दाराच्या जवळचा स्क्रू दार डावीकडे-उजवीकडे सरकवतो. मागचा स्क्रू दार आत-बाहेर करतो. आणि कपाटाच्या भिंतीवरची पट्टी धरणारे दोन स्क्रू थोडे सैल केले की दार वर-खाली होतं. एका वेळी पाव फेरा द्या, मग दार लावून बघा.

८. कपाट जमिनीवर आडवं जोडलं आणि उभं करताना वर अडकलं. आता?

आता खोलावं लागणार. पुढच्या वेळी आधी हिशोब करा. आडवं कपाट उभं होताना त्याचा कर्ण छताखालून फिरतो. २३६ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर खोल कपाटाचा कर्ण २४३ येतो. छत त्याहून वर हवं. नुसत्या स्लॅबखाली ते जमतं, फॉल्स सीलिंग असेल तर मोजूनच घ्या. आपल्याकडे खरी अडचण लॉफ्टची असते. सात फुटांवरचा लॉफ्ट म्हणजे २१३ सेंटिमीटर. त्याखाली २०१ उंच आणि ५८ खोल कपाट जेमतेम उभं होतं, कर्ण २०९. त्याहून उंच असेल तर चिठ्ठीत उभं ठेवून जोडायची वेगळी पद्धत दिली आहे का बघा. सगळ्या कपाटांना ती चालत नाही. पंखा चालू असताना उंच फळ्या उचलू नका.

९. ताई, भिंतीला बांधायची पट्टी दिली आहे. खरंच लावायला हवी का? कपाट जड आहे, हलत पण नाही.

लावायला हवी. हो किंवा नाही असा हा प्रश्न मी समजतच नाही.

खणांचं कपाट बंद असताना स्थिर असतं. दोन-तीन खण एकदम बाहेर ओढले की वजन पुढे येतं आणि त्यावर लहान मूल पाय ठेवून चढलं की सगळं कपाट अंगावर येतं. अमेरिकेत मुलांचे मृत्यू झाल्यानंतर जून २०१६ मध्ये आयकियाला तिथली जवळपास २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली, त्यांत माल्म नावाची मालिकाही होती. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कपाटांच्या स्थिरतेसाठी वेगळा कायदाच आला. कायदा काहीही असो, पट्टी लावायची जबाबदारी घरातल्याच कुणाला घ्यावी लागते.

जड कपाट सुरक्षित ही समजूत उलटी आहे. जड असेल तर पडल्यावर जास्त लागतं.

घर भाड्याचं असेल आणि मालक भोक पाडू देत नसतील, तर आधी त्यांना कारण सांगून विचारा. घरात मूल आहे म्हटल्यावर बहुतेक लोक हो म्हणतात. आठ मिलिमीटरची दोन भोकं घर सोडताना वॉल पुट्टीने दहा मिनिटांत बुजतात. तरीही नाही म्हणाले तर उंच कपाट घेऊ नका, कमरेखालचं घ्या. दुतर्फा टेप, कपाटामागे कोंबलेला पुठ्ठा, समोरून खाली दिलेली पाचर, यांतलं काहीही पट्टीच्या जागी चालत नाही.

१०. पट्टी लावायला भोक पाडलं, पण प्लग फिरतोय. भिंत कच्ची आहे का?

भिंत वेगळ्या प्रकारची असणार. खोक्यात बरेचदा भिंतीचा प्लग देतच नाहीत, कारण प्रत्येक भिंतीला वेगळा लागतो.

जुन्या इमारतीतली विटांची भिंत सगळ्यात सोपी. मेसनरी बिट, हॅमर मोड, आठचा नायलॉन प्लग. प्लग प्लॅस्टरच्या पुढे, विटेत पोचला पाहिजे, म्हणून स्क्रू किमान ५० मिलिमीटरचा घ्या. प्लॅस्टरमध्येच राहिला की तो फिरतो.

गेल्या काही वर्षांतल्या पुण्या-मुंबईच्या इमारतींत हलके राखाडी ब्लॉक असतात, लोक त्यांना सिपोरेक्स म्हणतात. तिथे हॅमर मोड बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा. हॅमरने ब्लॉक आतून भुगा होतो आणि आठचं भोक बाराचं होतं. या ब्लॉकसाठी लांब, पंख असलेले प्लग मिळतात.

मायवान पद्धतीच्या इमारतींत सगळी भिंतच काँक्रीटची असते. तिथे साधं ड्रिल तापतं आणि भोक एक सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. रोटरी हॅमर भाड्याने आणा. जिप्समच्या पार्टिशनला बटरफ्लाय प्लग लावा, शक्य असेल तर आतला धातूचा उभा चॅनेल शोधून थेट त्यात स्क्रू घ्या. आणि वाड्यातली माती-विटांची भिंत असेल तर प्लगचा नाद सोडा, एखाद्या लाकडी तुळईत किंवा खांबात स्क्रू घ्या.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भोक पाडू नका, वायरिंग त्याच रेषेत जातं. बाथरूमच्या पाठच्या भिंतीत नळाच्या पाइपांचंही तसंच.

११. बिजागरीचा स्क्रू सैल झालाय, भोक मोठं झालंय. जाडा स्क्रू घालू?

नको. जाडा स्क्रू महिनाभर टिकतो आणि उरलेलं भोकही खातो.

भोक थोडंच सैल असेल तर टूथपिक किंवा गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, बाहेरची टोकं ब्लेडने कापा, रात्रभर वाळू द्या. मग अडीच मिलिमीटरच्या बिटने मधोमध बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू घाला.

जास्त गेलं असेल तर भोक आठ मिलिमीटरच्या बिटने साफ करून घ्या, म्हणजे सैल भुसा निघतो. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर पलीकडे निघेल. आठची लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोका, फळीच्या पातळीत कापा आणि चोवीस तास थांबा. आता स्क्रू भुश्यात न बसता खऱ्या लाकडात बसतो. मी हे केलेले जोड मूळ जोडापेक्षा जास्त टिकलेले पाहिले आहेत.

बिजागरीच्या भोवतालचा बोर्डच तुटून बाहेर आला असेल तर हार्डवेअरच्या दुकानात बिजागरी दुरुस्तीची स्टीलची पट्टी मागा. ती तुटलेल्या जागेवर बसते आणि तिचे स्क्रू लांब, चांगल्या भागात जातात.

१२. पुस्तकांनी फळी वाकली. उलटी करून लावू?

काही महिने चालेल, मग तिकडे वाकेल. खरा उपाय आधार देण्याचा. वाकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे फळीची आधारांमधली लांबी अर्धी केली की तेवढ्याच दाटीने लावलेल्या पुस्तकांखाली तिचं वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून मधे एक उभी पट्टी उभी करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. मधे पट्टी नको असेल तर फळीच्या पुढच्या कडेखाली दीड-दोन इंचांची लाकडी पट्टी उभी लावा, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे सगळ्यात खालच्या खणात ठेवा.

१३. पावसाळ्यात खालची कड फुगली. परत बसेल का?

नाही. पार्टिकल बोर्डातले दाबलेले कण पाण्याने सुटतात, ते पुन्हा दाबले जात नाहीत. कोरडं करून, सुटा भाग पॉलिश पेपरने घासून, पातळ फेविकॉल जिरवून, क्लॅम्पने दाबून ठेवलं तर वाढ थांबते आणि दिसायला बरं होतं. एवढंच.

लोक पावसाला दोष देतात, पण जुलैतल्या दमट हवेपेक्षा जास्त नुकसान करतो तो लादी पुसायचा फडका. पनवेलच्या आमच्या पहिल्या घरात टीव्हीचं युनिट होतं. तीन वर्षांत त्याची खालची कड सर्वत्र फुगली, फक्त भिंतीला टेकलेली बाजू जशीच्या तशी राहिली. तिथे फडका पोचत नव्हता.

उपाय जोडायच्या आधीच करायचा. फळीची जमिनीला टेकणारी कड बहुधा कच्चीच असते. तिच्यावर पारदर्शक सिलिकॉनचा पातळ थर बोटाने पसरवा आणि रात्रभर वाळू द्या. मग खाली रबरी किंवा प्लॅस्टिकचे बूच लावून कपाट लादीपासून निदान एक सेंटिमीटर उचला. कोकणात आणि मुंबईत राहत असाल तर पाठ आणि भिंत यांच्यात हवा खेळायला बोटभर जागा ठेवा. ओल येणाऱ्या भिंतीला बोर्डाचं कपाट लावूच नका.

१४. खाली स्कर्टिंग असल्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही. मागून कापू का?

कापता येतं, पण मी कापत नाही. कापलेली कड कच्ची राहते आणि ती नेमकी फडक्याच्या उंचीवर येते. स्कर्टिंग साधारण एक सेंटिमीटर जाड असतं. तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकडा वर, भिंत आणि कपाटाच्या मधे ठेवा आणि पट्टीचा स्क्रू त्यातून घ्या. हवा खेळायची जागाही आपोआप मिळते. कापायचंच असेल तर जोडायच्या आधी कापा आणि कड सिलिकॉनने बंद करा.

१५. कपाट कापून लहान करता येईल का?

रुंदी कमी करणं जमतं, उंची कमी करणं कठीण.

रुंदीसाठी वरची, खालची आणि मधल्या फळ्या एकाच बाजूने सारख्या मापाने कापाव्या लागतात, पाठही तेवढीच. कापलेल्या टोकांतली कॅमची भोकं जातात. ती पुन्हा पाडायला अचूक बिट आणि जिग लागतो, म्हणून त्या बाजूला कॅमऐवजी जाड कन्फर्मॅट स्क्रू वापरा: ७ बाय ५० मिलिमीटर, उभ्या फळीत सातचं भोक, आडव्या फळीच्या कडेत पाचचं. दारं मात्र जुन्या मापाचीच राहतात, हे आधी लक्षात घ्या. उंची कापली तर बाजूच्या फळ्यांतल्या भोकांची सगळी रांग सरकते.

कापताना रेषेवर मास्किंग टेप लावा, धारदार कटरने रेषा दोनदा ओढा आणि बारीक दातांचं पातं वापरा. नाहीतर लॅमिनेटचे टवके उडतात. एमडीएफ कापताना मास्क लावाच, त्याची धूळ फार बारीक असते. उघडी कड लगेच बंद करा. इस्त्रीने चिकटणारी एज पट्टी मिळते, ती इस्त्री मध्यम तापवून कागदावरून फिरवली की बसते. आत कागदी पोळं निघालं तर दोन इंच पोळं खरवडून काढा आणि त्या जागी लाकडी पट्टी चिकटवा, तीच नवी कड.

१६. बुकशेल्फ आडवं करून बसायचा बाक करायचा आहे. चालेल?

सगळ्या फळ्या कॅमने किंवा स्क्रूने पक्क्या असतील आणि आधारांमधलं अंतर ३५-४० सेंटिमीटरच्या आत असेल, तर चालेल. सरकत्या, पिनांवरच्या फळ्या आडव्या केल्या की आधार देत नाहीत, त्या आधी स्क्रूने पक्क्या करा. वर १८ मिलिमीटर प्लायवूडची पूर्ण लांबीची फळी टाका म्हणजे वजन सगळ्या उभ्या फळ्यांवर वाटलं जातं. बोर्ड पोळ्याचा असेल तर माणसं बसवू नका. आणि मूळ पाठ काढू नका, प्रश्न ७ मध्ये सांगितलं तेच कारण.

१७. रंग देता येतो का?

येतो. गुळगुळीत पृष्ठभागावर रंग थेट धरत नाही, म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंतच घासा. जास्त घासलं तर खालचा बोर्ड उघडा पडतो. मग चिकट प्राइमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात. पावसाळ्यात हे काम काढू नका.

१८. जर्मनीहून परत आलो, तिथला पलंग आणलाय. इथली गादी बसत नाही.

मापांचा फरक आहे. तिकडचा १६० बाय २०० सेंटिमीटरचा पलंग आणि इथली ६० बाय ७८ इंचांची क्वीन गादी, म्हणजे १५२ बाय १९८. रुंदीत आठ सेंटिमीटरची फट राहते. १८० च्या पलंगात आपली ७२ इंची गादी, म्हणजे १८३, दाबून बसते आणि फुगते. पलंगात फेरफार करण्यापेक्षा मापाने गादी करून घ्या. फोमची असो की कापसाची, आपल्याकडे ते सहज होतं. स्लॅट्स, म्हणजे गादीखालच्या आडव्या पट्ट्या, बदलायला जाऊ नका.

१९. घर बदलतोय. कपाट तसंच न्यावं की खोलावं?

उंच कपाट तसंच टेम्पोत घातलं तर हेलकाव्यांनी कॅमची भोकं सैल होतात. खोलून नेलेलं बरं. पण नीट खोलायचं: आधी दारं, मग खण, मग पाठीचे खिळे पक्कडीने सरळ ओढून, मग कॅम उलटे फिरवून. फळी हातोडीने ठोकून सोडवू नका. प्रत्येक फळीच्या न दिसणाऱ्या कडेवर पेन्सिलने नंबर घाला, स्क्रूंच्या पिशव्या त्या त्या फळीला टेपने चिकटवा. पुन्हा जोडताना स्क्रू आधी थोडा उलटा फिरवा. जुन्या आट्यांत तो टक्‌ करून बसतो, मगच घट्ट करा. नवीन आटे पाडलेत तर भोक गेलं. एकदा-दोनदा खोलजोड सहज होते. तिसऱ्या वेळी प्रश्न ११ मधलं खुंटीचं काम आधीच करून ठेवा.

२०. एक कॅम हरवला. सगळं कपाट अडलंय.

चिठ्ठीत प्रत्येक सुट्या भागाशेजारी नंबर असतो, आयकियाच्या चिठ्ठ्यांत तो सहा किंवा आठ आकडी. तो कळवला की कंपन्या बहुधा छोटे भाग पाठवतात. थांबायचं नसेल तर फर्निचर हार्डवेअरच्या दुकानात १५ चा कॅम आणि त्याचा बोल्ट सुट्टा मिळतो. उरलेला एक कॅम आणि एक बोल्ट सोबत घेऊन जा, कारण बोल्टच्या लांबीत फरक असतो.

२१. त्यापेक्षा सुताराकडून प्लायवूडचं करून घेऊ का?

स्वतःचं घर असेल, जागा ठरलेली असेल, तर किचनच्या सिंकखाली आणि बाथरूमजवळ बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणाऱ्या, प्लायवूडचं करून घ्या. तिथे बोर्ड टिकत नाही. बेडरूम, अभ्यासाची जागा, पुस्तकं यांना खोक्यातलं फर्निचर नीट जोडलं तर दहा वर्षं सहज जातं. माझं सगळ्यात जुनं बुकशेल्फ दोन घरं फिरून अजून उभं आहे. खालच्या कडेला सिलिकॉन आहे, चार भोकांत खुंट्या आहेत, वर भिंतीला पट्टी आहे.

२२. जोडून झालं आणि तीन स्क्रू उरले. काही चुकलं का?

आधी चिठ्ठीतली संख्या बघा, काही कंपन्या एकदोन जास्तीचे घालतात. संख्येपेक्षा जास्त उरले तर शेवटच्या पानापासून मागे जात प्रत्येक चित्रात त्या आकाराचा स्क्रू शोधा. बहुतेक वेळा तो पाठीच्या मधल्या पट्टीतला किंवा खणाच्या चॅनेलच्या मागच्या भोकातला असतो, कारण ती भोकं समोरून दिसत नाहीत. उरलेले सगळे एका पिशवीत घालून कपाटाच्या पाठीलाच चिकटवा. चार वर्षांनी तुम्हीच शोधाल.